साइटवरची एक्स्टेंशन केबल: किती लांब, किती जाड, आणि आरसीसीबी सारखा का पडतो?

सुपरवायझर_नाशिक

तळमजला अधिक चार मजल्यांचं काम चालू आहे. तिसरा स्लॅब झालाय, खालच्या मजल्यांवर प्लंबिंग आणि टाइल्स सुरू आहेत. महावितरणचं तात्पुरतं थ्री फेज कनेक्शन गेटजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. तिथे फळीवर मेन स्विच, १६ अँपिअरच्या एमसीबी (करंट जास्त झाला की लाइन तोडणारे स्विच) आणि सहा सॉकेट आहेत. सहाही सॉकेट एकाच फेजवर, आणि त्यांच्यावर मिळून एकच ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की लाइन तोडणारा स्विच). सगळे ठेकेदार तिथूनच वायर ओढतात. वरच्या मजल्याच्या टोकापर्यंत अंतर साधारण ६० मीटर भरतं.

हत्यारं म्हणाल तर प्लंबरचा १५०० वॅटचा ब्रेकर, टाइल्सवाल्यांचे दोन कटर, ७ इंची ग्राइंडर, १४ इंची चॉप सॉ, दीड एचपीची पाण्याची मोटर आणि संध्याकाळी हॅलोजन. केबल ज्याची त्याची. कोणाची दीड एमएम (म्हणजे तांब्याचा छेद दीड चौरस मिलिमीटर), कोणाची एक एमएम, एकाने तर बोअरवेलच्या मोटरची चपटी केबल आणून लावलीय. मध्ये मध्ये टेपचे जॉइंट.

आरसीसीबी दिवसातून कितीतरी वेळा पडतो आणि सगळी साइट बंद होते. ठेकेदार म्हणतात, "बायपास करा, नाहीतर १०० मिलिअँपिअरचा बसवा." पावसाळा तोंडावर आहे. केबल कोणत्या मापाची घ्यावी, किती लांब चालेल, जॉइंट कसे करावेत, ड्रमवाली एक्स्टेंशन घ्यावी का, आणि या आरसीसीबीचं काय करावं?

फेज_ते_अर्थ (विद्युत ठेकेदार)

आधी आरसीसीबी. बायपास करणं आणि ३० काढून १०० चा बसवणं, यांत फारसं अंतर नाही. अंगात भिजलेला माणूस थेट फेजला लागला तर शरीराचा रोध १००० ओहमच्या आसपास धरून अंगातून २३० मिलिअँपिअर जातात, तेव्हा १०० चाही पडेल. पण पायात चप्पल आहे, खाली कोरड्या विटा आहेत, अशा वेळी ६०-७० मिलिअँपिअरच जातात. तेवढा करंट एक-दोन सेकंद छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते, आणि १०० वाला तेव्हा गप्प बसतो. १०० आणि ३०० चे आगीपासून संरक्षण देतात, माणसाला नाही.

"एमसीबी आहे ना" हेही उत्तर नाही. समजा ग्राइंडरच्या लोखंडी अंगाला फेज लागला आणि अर्थच्या वाटेचा एकूण रोध १० ओहम आहे. करंट वाहील २३ अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी १.४५ पट म्हणजे २३.२ अँपिअरला एका तासाच्या आत पडणं अपेक्षित असतं. म्हणजे तासभर ग्राइंडरचं अंग शंभरावर व्होल्टला उभं राहील आणि एमसीबीच्या मते सगळं ठीक असेल. हाच दोष ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी सेकंदाच्या अंशात तोडतो.

आता तो पडतो का? ३० चा आरसीसीबी १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान कुठेही पडू शकतो. धडधाकट हत्याराची गळती एक मिलिअँपिअरच्या आत असते. तुमची सगळी हत्यारं एकदम चालली तरी बेरीज १५ वर जायला नको. जाते आहे, म्हणजे कुठेतरी खरोखर गळतंय. शोधायचं असं: सहाही सॉकेटमधले टॉप (प्लग) उपसून काढा आणि आरसीसीबी चढवा. रिकामा असूनही राहत नसेल तर दोष बोर्डातच आहे. राहिला तर एकेक एक्स्टेंशन लावा, पण तिच्या दुसऱ्या टोकाला हत्यार नको. नुसत्या केबलने पडला तर जॉइंट ओला आहे किंवा सळईवर घासून साल गेली आहे. केबलने पडत नाही, हत्यार लावून चालू केल्यावर पडतो, तर ते हत्यार बाजूला ठेवा. ग्राइंडर आणि कटरमध्ये कार्बन ब्रशची भुकटी आणि ओली सिमेंटची धूळ मिळून आतून वाट तयार होते.

एक प्रकार मात्र डोकं खातो. हत्याराचं बटण बंद आहे तरी आरसीसीबी पडतो. तिथे बहुतेक वेळा न्यूट्रल आणि अर्थ पुढे कुठेतरी टेकलेले असतात, टॉपमध्ये किंवा जॉइंटमध्ये. एकेरी स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, म्हणून बटणाचा संबंध नाही. दुसरं कारण उसना न्यूट्रल: फेज या आरसीसीबीमधून आणि न्यूट्रल शेडमधल्या दुसऱ्याच लिंकवरून. थोडा लोड पडला की लगेच पडणार. फळीवरच्या बोर्डांत हे हमखास सापडतं.

आणि एका कटरसाठी सगळी साइट बंद होते, ती चूक आरसीसीबीची नाही, मांडणीची आहे. सहा सॉकेटना एकच आरसीसीबी आहे, तर दुसरं काय होणार? दर दोन सॉकेटमागे एक ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी द्या, किंवा प्रत्येक सॉकेटला आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकाच डबीत. शेडमध्ये मेनला ३०० मिलिअँपिअरचा, एस खूण असलेला, थोडा उशिरा पडणारा चार पोलचा. मेनलाही ३० चा लावलात तर वरचा पडेल की खालचा, हे नशिबावर. घेताना आयएस १२६४० आणि आयएसआय खूण बघा. त्यावरचं टेस्ट बटण रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी दाबायचं. दाबून पडला नाही तर तो बदलेपर्यंत त्या सॉकेटवर काम नाही.

केबलचं माप पुढच्या उत्तरात लिहितो, हे लांबलं.

आर्मेचर_दुरुस्ती

केबलच्या मापाचं मीच सांगतो, त्याचा परिणाम आमच्या टेबलावर येऊन पडतो.

ग्राइंडर, ब्रेकर, टाइल कटर यांची मोटर कार्बन ब्रशवाली. व्होल्टेज कमी मिळालं की वेग पडतो, पंखाही तिच्याच दांड्यावर असल्याने हवा कमी. कारागिराला वाटतं, मशीन ओढत नाही. तो वरून दाबतो. करंट वाढतो आणि आर्मेचर जळतं. मग "माल हलका निघाला" म्हणून दुकानदाराशी भांडण. जळालेल्या आर्मेचरचा वास सांगतो की दोष वायरीचा होता.

पाण्याची मोटर आणि विजेवरचा व्हायब्रेटर वेगळ्या जातीचे. त्यांचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. १० टक्के व्होल्टेज गेलं तर १९ टक्के जोर गेला. चालू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट मागते. तुमची दीड एचपीची मोटर ६० मीटर दीड एमएमच्या टोकाला लावली, तर सुरू होण्याच्या क्षणी तिच्यापाशी १८०-१९० व्होल्टच उरतील, म्हणजे जोर दोन तृतीयांशावर आला. ती गुरगुरत बसते, फिरत नाही, आणि वाइंडिंग जळतं. लोक कपॅसिटर बदलत बसतात.

तपासायला मल्टिमीटर पुरे. एक्स्टेंशनच्या टोकाच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये व्होल्टेज बघा, आधी मशीन बंद असताना, मग मशीन कामाला लावून. फरक ७-८ व्होल्टच्या आत हवा. वीस व्होल्ट पडत असतील तर ती केबल हॅलोजनला द्या, मशीनला नको.

फेज_ते_अर्थ

वरचं सगळं बरोबर. आता आकडे. तांब्याच्या लवचिक केबलचा जाऊन-येऊन रोध दर १० मीटर लांबीमागे असा धरा: एक एमएमला ०.३९ ओहम, दीडला ०.२७, अडीचला ०.१६, चारला ०.१०. याला करंटने गुणलं की पडणारे व्होल्ट मिळाले. १४ इंची चॉप सॉ किंवा ७ इंची ग्राइंडर साधारण १० अँपिअर घेतो. ६० मीटरवर एक एमएममध्ये २३ व्होल्ट जातात, दीडमध्ये १६, अडीचमध्ये साडेनऊ, चारमध्ये सहा. दुपारी महावितरणकडूनच २१० येत असतील तर एक एमएमच्या टोकाला १८७ उरले.

लांब आणि बारीक केबलचा आणखी एक तोटा सहसा कोणी मोजत नाही. टोकाला फेज-न्यूट्रल शॉर्ट झाले तर करंट किती वाहणार? ६० मीटर दीड एमएमचे १.६ ओहम, मागच्या लाइनचे चारेक दशांश, मिळून २ ओहम. म्हणजे ११५ अँपिअर. सी प्रकारची १६ अँपिअरची एमसीबी ताबडतोब पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. म्हणजे ती लगेच पडेलच असं नाही, आणि तोवर केबल जळत राहील. बी प्रकारच्या १६ ला ४८ ते ८० पुरतात. साइटच्या सॉकेटना मी बी सुचवतो. ग्राइंडर सुरू होताना बी पडत असेल तर केबल आखूड करा, हे माझं मत. काहीजण १० अँपिअरची सी लावतात, तेही चालतं, मात्र त्यावर चॉप सॉ टिकणार नाही.

म्हणून "किती लांब चालेल" याऐवजी बोर्ड वर नेता येईल का ते बघा. शेडमधून जिन्याच्या किंवा डक्टच्या कडेने एक पक्की थ्री फेज केबल वर चढवा: चार कोअर आर्मर्ड (लोखंडी कवचाची), तांबं असेल तर ६ एमएम, ॲल्युमिनियम असेल तर १० एमएम, सोबत अर्थची वेगळी आठ नंबरची जीआय वायर. आर्मरसुद्धा दोन्ही टोकांना ग्लँडमधून अर्थ झालं पाहिजे. दर दोन मजल्यांमागे एक लोखंडी किंवा प्लास्टिकचं बंद बोर्ड: आत चार पोलची आयसोलेटर, तिन्ही फेजना एकेक ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, प्रत्येकावर दोन १६ अँपिअरची सॉकेट, प्रत्येक सॉकेटला आपली एमसीबी. मग कोणाचीही एक्स्टेंशन २० मीटरच्या वर जायची गरज उरत नाही. ४० मीटर सहा एमएम एका फेजवर २० अँपिअरला साडेपाच व्होल्टच्या आत खाते, पुढची १५ मीटर अडीच एमएम १० अँपिअरला अडीच व्होल्टच्या आत. एकूण पावणेआठ. तिन्ही फेजवर लोड सारखा वाटला तर याहून कमी.

थ्री फेज वर नेताना न्यूट्रलची काळजी घ्या. त्याचा लग ढिला पडला किंवा तुटला तर दोन फेजमधले ४१५ व्होल्ट दोन हत्यारांत वाटले जातात, आणि हलक्या लोडवाल्या हत्याराला बरेच जास्त मिळतात. एलईडी फुटतात, चार्जर धूर काढतात. न्यूट्रलला फ्यूज किंवा एकटा स्विच कधीही नको. लग क्रिम्प केलेला हवा, आणि पहिल्या आठवड्यानंतर सगळे स्क्रू एकदा परत आवळायचे. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांतही तेच अपेक्षित आहे आणि अपघात झाला तर विद्युत निरीक्षक पहिल्यांदा तेच विचारतो.

एक्स्टेंशनसाठी तीन कोअर, गोल, जाड सालीची केबल घ्या. रबराची मिळाली तर उत्तम, उन्हात पीव्हीसीची साल कडक होऊन तडकते. १५०० वॅटपर्यंत आणि २५ मीटरच्या आत दीड एमएम चालेल. त्यापुढे सगळीकडे अडीच. एक एमएम साइटवर ठेवूच नका, कारण ठेवली की कोणीतरी लावणारच.

ती बोअरवेलची चपटी केबल लगेच काढा. तिचे तीन कोअर लाल, पिवळा, निळा असतात, कारण ती थ्री फेज मोटरसाठी बनते. त्यात अर्थचा हिरवा कोअर नाही. एक वायरमन निळा न्यूट्रलला लावतो आणि पिवळा अर्थला, दुसरा दुरुस्ती करताना पिवळा फेज समजून फेजला लावतो, आणि हत्याराच्या अंगाला फेज येतो. दोन कोअरची ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायरही नको. वाकवून वाकवून आतून तुटते, वरून साल शाबूत दिसते.

खर्च_कोण_देणार

एवढं सगळं मोठ्या टाउनशिपला ठीक आहे. आमच्याकडे चार मजल्यांच्या बिल्डिंगला वर्षानुवर्षे टेपचे जॉइंट चालतात. नीट पिळून, दोन पदर टेप मारला तर काही होत नाही.

फेज_ते_अर्थ

उन्हाळ्यात चालतात, ते खरं. पण उन्हाने टेपचा गोंद वितळून सरकतो आणि पहिल्या पावसात पाणी तारांच्या मधून केशिकेसारखं आत चढतं. पिळलेल्या जॉइंटला ओढ सहन होत नाही. कोणी केबल ओढली की आतला संपर्क सैल होतो आणि जॉइंट गरम होऊ लागतो. त्यातही बहुतेक जॉइंटमध्ये फेज आणि न्यूट्रलच जोडलेले असतात, अर्थ आखूड पडला म्हणून तसाच सोडलेला असतो. हत्यार व्यवस्थित चालतं, त्यामुळे कोणाला कळत नाही.

केबल मध्ये तुटली तर जोडायची नाही. तिथेच कापायची आणि दोन आखूड एक्स्टेंशन बनवायच्या. खर्च एका टॉपचा आणि एका सॉकेटचा.

सेफ्टी_पावसाळा

जोडणीचं काम नेमकं कसं करायचं ते लिहितो. दहा एक्स्टेंशन तपासल्या तर दोष टोकांनाच सापडतात, मधल्या केबलमध्ये क्वचित.

घरगुती पांढरा बोर्ड, सहा अँपिअरचा स्पाइक गार्ड, लाकडी फळीवर ठोकलेलं सॉकेट, हे साइटवर नको. निळ्या रंगाचे इंडस्ट्रियल प्लग आणि कपलर घ्या: १६ अँपिअर, तीन पिन, आयपी ४४. निळा म्हणजे २३० व्होल्ट, लाल म्हणजे ४१५. दोन्ही एकमेकांत बसत नाहीत, हाच त्यांचा उपयोग. लक्षात ठेवा, आयपी ४४ हे शिंतोड्यांपुरतं, तेही प्लग पूर्ण आत घालून कडी फिरवल्यावर. उघडं कपलर चिखलात पडलं तर त्याला काही अर्थ नाही. पाणी साचतं तिथे आयपी ६७ घ्या.

टॉप जोडताना बाहेरची जाड साल टॉपच्या आत, पकडीच्या खाली गेली पाहिजे. पकड आतल्या रंगीत वायरींवर बसली तर पहिल्या ओढीला वायर निसटते. अर्थची वायर बाकी दोघींपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर जास्त लांब ठेवा, म्हणजे केबल हिसकली गेली तर फेज आधी तुटेल आणि अर्थ शेवटी. बारीक तारांना पिन लग क्रिम्प करा. सोल्डर लावू नका, स्क्रूच्या दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतं आणि जोड ढिला होतो.

जोडून झाल्यावर मल्टिमीटरने टॉपच्या अर्थ पिनपासून सॉकेटच्या अर्थपर्यंत रोध मोजा. २५ मीटर अडीच एमएमला ०.२ ते ०.३ ओहम यायला हवा, मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध वजा करून. मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, फेज-न्यूट्रल. केबल दोन्हीकडून मोकळी हवी. एक मेगओहमच्या खाली आली तर वापरायची नाही. नवी केबल त्याच्या कितीतरी वर दाखवते. तपासलेल्या केबलला त्या महिन्याच्या रंगाची टेप टॉपजवळ बांधा. शेडमधल्या माणसाला वाचता येवो न येवो, रंग कळतो: रंग जुना, तर सॉकेट मिळणार नाही.

काही गोष्टी दिसताक्षणी थांबवायच्या. टॉपशिवाय उघड्या तारा सॉकेटमध्ये घालून काडीने अडकवणं. तीन पिनच्या टॉपची अर्थ पिन कापून दोन पिनमध्ये घालणं. आणि दोन्ही टोकांना टॉप असलेली केबल. जनरेटरहून लाइन द्यायला कोणीतरी बनवतंच, आणि तिच्या एका टोकाच्या उघड्या पितळी पिनांवर २३० व्होल्ट असतात.

केबल टाकताना जमिनीवर नको. भिंतीच्या कडेने, डोक्याच्या वर, दोन मीटरच्या पुढे टांगा. टांगायला बाइंडिंग वायर वापरू नका, ती सालीत रुतते आणि सळईशी जोडलेली असेल तर सगळं स्टील जिवंत करते. प्लास्टिक पाइपचे तुकडे घातलेले एस आकाराचे हूक किंवा सुतळी चालते. परांचीच्या लोखंडी पाइपला गुंडाळू नका. डंपर जातो तिथे जीआय पाइपमधून किंवा उलट्या सी चॅनेलखालून न्या. दरवाजाच्या फटीतून, फ्लश दाराच्या बिजागरीतून केबल गेली की दार लागताना साल चिरते, हे टाइल्सच्या टप्प्यावर फार होतं.

क्युरिंगसाठी स्लॅबवर बांध घालून पाणी साठवलं असेल तर त्या मजल्यावर एकही केबल खाली पडलेली नको. खालच्या मजल्यावर पाणी झिरपतं, तिथलं बोर्ड स्लॅबच्या भोकाखाली तर नाही ना ते बघा. हॅलोजनऐवजी आयपी ६५ चे एलईडी फ्लड लाइट घ्या. ५०० वॅटच्या हॅलोजनची उष्णता स्वतःच्याच वायरीची साल करपवते. पाण्याच्या टाकीच्या किंवा लिफ्टच्या खड्ड्याच्या आत काम असेल तर २३० व्होल्टचा हातदिवा आत न्यायचा नाही. कारखान्यांसाठी १९४८ च्या कारखाना कायद्याने बंदिस्त जागेतल्या हातदिव्याला २४ व्होल्टची मर्यादा घातली होती, साइटवरही तीच पाळा. ट्रान्सफॉर्मर टाकीच्या बाहेर ठेवायचा.

ड्रमचं विचारलं होतं. ड्रम चांगला, पण पूर्ण उलगडून. साइटवर एक समजूत आहे की गुंडाळलेल्या केबलचं चुंबक होतं म्हणून ती तापते. तसं नाही, जाणारा आणि येणारा करंट एकमेकांचं चुंबकत्व खोडून टाकतात. तापते ती साध्या रोधाने. ५० मीटर दीड एमएममधून १० अँपिअर गेले की १३३ वॅट उष्णता तयार होते. पसरलेल्या केबलला ती जाणवतही नाही. गुंडाळीत आतल्या थरांना हवा मिळत नाही, पीव्हीसी ७० अंशांच्या वर जाऊन मऊ पडते आणि थर एकमेकांना चिकटतात. बाहेरून हात लावला तर कोमट लागते, आत वितळलेली असते.

सुपरवायझर_नाशिक

सगळ्यांचे आभार. टॉप उपसून तपासलं. प्लंबरची केबल नुसती लावली तरी पडतो, तिसऱ्या जॉइंटला पाणी होतं. टाइल्सच्या एका कटरलाही पडतो. दोन्ही बाजूला काढले. रायझर (वर चढवायची थ्री फेज केबल) आणि मजल्यावरच्या बोर्डासाठी वायरमनला बोलावलंय.

दोन गोष्टी राहिल्या. चौथ्या स्लॅबला विजेवरचा व्हायब्रेटर लागणार, तिथे केबल कशी न्यायची? आणि लाइट गेली की ५ केव्हीएचा छोटा जनरेटर लावतो, त्यावर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं तर पडतो. म्हणजे तो व्यवस्थित आहे असं धरायचं ना?

सेफ्टी_पावसाळा

स्लॅबच्या दिवशी केबल वर नेऊच नका. ओल्या काँक्रीटमध्ये उभी माणसं, पायाखाली एकमेकांना बांधलेलं सगळं स्टील, हातात ओली निडल (व्हायब्रेटरचं काँक्रीटमध्ये घालायचं टोक). शॉक लागायला याहून सोयीची जागा नाही. पेट्रोल इंजिनवर चालणारा व्हायब्रेटर भाड्याने मिळतो, एक चालू ठेवा, एक राखीव. विजेवरचाच वापरावा लागला तर मोटर स्लॅबच्या बाहेर, फळ्यांवर, निडलचा पाइप लांब. केबल शटरिंगच्या कडेबाहेरून वर येईल, स्टीलवरून ओढायची नाही. त्या सॉकेटचं टेस्ट बटण काँक्रीट सुरू होण्याआधी दाबायचं, आणि एक माणूस फक्त केबल सांभाळायला.

फेज_ते_अर्थ

जनरेटरचं तसं धरू नका. टेस्ट बटण आरसीसीबीच्या आतच फेजमधून न्यूट्रलकडे एक छोटा रोध जोडतं, त्याला अर्थ लागतच नाही. म्हणून बटण दाबल्यावर अर्थ नसतानाही आरसीसीबी पडतो. तुमच्या छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बहुतेक वेळा त्याच्या फ्रेमला किंवा अर्थला जोडलेला नसतो. मग फेज हत्याराच्या अंगाला लागला तरी करंटला परत जायला वाट नाही, आरसीसीबीला फरक दिसत नाही आणि तो पडत नाही. पहिल्या दोषाला शॉकही कदाचित लागणार नाही. पण दुसऱ्या हत्याराचा न्यूट्रल अंगाला लागला आणि अर्थची वायर तुटलेली असली की दोन हत्यारांच्या अंगांमध्ये पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतात, आणि दोघं कारागीर शेजारी शेजारी काम करत असतात.

वायरमन येतोय तेव्हाच हे करून घ्या: जनरेटरचा न्यूट्रल त्याच्या टर्मिनलपाशी, फक्त तिथेच, फ्रेमला आणि अर्थ इलेक्ट्रोडला जोडायचा, आरसीसीबी त्याच्या पुढे. आरसीसीबीच्या पुढे न्यूट्रल-अर्थ पुन्हा जोडायचे नाहीत, नाहीतर तो राहणारच नाही. महावितरण आणि जनरेटर यांच्यात चेंजओव्हर स्विच हवा, फेजबरोबर न्यूट्रलही बदलणारा. जोडून झाल्यावर बटणावर विसंबू नका. वायरमनकडे आरसीडी (आरसीसीबीसारख्या उपकरणांचा) टेस्टर असतो, तो मजल्यावरच्या शेवटच्या सॉकेटला लावून ३० मिलिअँपिअरची गळती फेजमधून अर्थकडे घालतो. ३०० मिलिसेकंदांच्या आत पडला तर ठीक. जनरेटरवर आणि महावितरणवर, दोन्हींवर वेगवेगळी चाचणी घ्या.